न खतवलेली कीर्द : हेन्री मोलेसन यांची पंचावन्न वर्षे

२६ एप्रिल १९५५. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहर. तपासणीच्या खोलीत एकोणतीस वर्षांचे एक गृहस्थ येऊन बसले. शांत चेहरा, बोलण्यात अदब. समोर कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातून आलेल्या मानसशास्त्रज्ञ डॉ. ब्रेंडा मिल्नर होत्या. त्यांनी प्रथम आजची तारीख विचारली. उत्तर आले, मार्च १९५३. वय विचारले, तर सत्तावीस. खोलीत येण्यापूर्वी अगदी काही क्षण हेच गृहस्थ बाहेर दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलत होते. परंतु त्याविषयी विचारताच, आपल्याशी कोणीही बोललेले नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात पुनःपुन्हा बालपणीचे प्रसंग येत. आपल्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, याची पुरती जाणीवही त्यांना नसावी असे दिसत होते.

त्याच भेटीत त्यांच्या बुद्धिमत्तेची चाचणी घेण्यात आली. गुणांक ११२ आला. शस्त्रक्रियेपूर्वी तो १०४ होता. म्हणजे बुद्धी उणावलेली नव्हती. वाचा शुद्ध होती, रीतभात जशीच्या तशी होती. तरीही या माणसाचे काहीतरी असे हरवले होते की, पुढील पंचावन्न वर्षांत ते परत मिळाले नाही. या गृहस्थांचे नाव हेन्री मोलेसन. वैद्यकशास्त्राने ते नाव त्यांच्या मृत्यूपर्यंत गुप्त राखले आणि जगभरच्या ग्रंथांत ते केवळ ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनी ओळखले गेले.

व्यापारी घरात वाढलेल्यांना कीर्द आणि खतावणी यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत उतरतो; त्यानंतर एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवली जाते. कीर्दीचे पान लिहिले आणि खतवण्यापूर्वीच ते पुसले गेले, तर तो व्यवहार झालाच नाही असे होते. हेन्री यांच्या मेंदूत हेच घडत होते. जुनी खतावणी बव्हंशी शाबूत होती, आजची कीर्द लिहिण्यापुरती बुद्धीही होती. पण कीर्दीवरून खतावणीत नोंद नेणारा कारकून कायमचा निघून गेला होता.

अपस्मार आणि एक प्रयोग

हेन्री यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९२६ चा. वडील गुस्ताव्ह विजेची कामे करीत. आई एलिझाबेथ घर सांभाळी. हेन्री एकुलता एक मुलगा. लहानपणी एका सायकलस्वाराचा धक्का लागून तो पडला आणि त्याच्या डोक्याला मार बसला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला अपस्माराचे लहान झटके येऊ लागले. ते त्या अपघातामुळे की वडिलांच्या घराण्यात असलेल्या अपस्मारामुळे, याचा निर्णय कधीच झाला नाही. पंधराव्या वाढदिवशी आईवडिलांसोबत मोटारीतून जात असताना त्याला पहिला मोठा झटका आला. शाळेतील मुलांच्या चेष्टेमुळे त्याने शिक्षण मध्येच सोडले. पुढे पुन्हा शाळेत जाऊन एकविसाव्या वर्षी ते पूर्ण केले. नंतर तो कारखान्यात काम करू लागला. परंतु झटके वाढत गेले, औषधांची मात्रा वाढत गेली आणि सत्ताविसाव्या वर्षी नोकरी करणेही अशक्य झाले.

हार्टफर्ड येथील शल्यविशारद डॉ. विल्यम बीचर स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रियेचा पर्याय सुचविला. अशा प्रकारच्या शस्त्रक्रिया त्यांनी यापूर्वी गंभीर मनोरुग्णांवर केल्या होत्या. हेन्री यांच्या बाबतीत हा उघडउघड प्रयोगच होता, असे त्यांनी पुढे आपल्या शोधनिबंधात स्वतःच नमूद केले. सर्व औषधे थकली होती आणि रुग्ण पूर्णतः परावलंबी झाला होता, हे त्या प्रयोगाचे समर्थन. २५ ऑगस्ट १९५३ रोजी हेन्री यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस कवटीला दोन छिद्रे पाडून, दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतील भाग काढून टाकण्यात आला.

टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आत, कानाच्या पातळीवर असलेला मेंदूचा खंड. तो डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा जोडीने असतो. त्याच्या आतील कडेला समुद्रघोड्याच्या आकाराची एक वळणदार रचना असते. ग्रीक भाषेतील त्या प्राण्याच्या नावावरूनच तिला हिप्पोकॅम्पस म्हणतात. तिच्या पुढे बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. हेन्री यांचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला जवळजवळ पूर्ण, हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि त्याला लागून असलेला मेंदूचा थर काढला गेला. झटके पुष्कळ कमी झाले. त्या अर्थाने शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. पण शुद्धीवर आलेल्या हेन्री यांना रुग्णालयातील कर्मचारी ओळखता येईनात आणि स्वच्छतागृहाची वाटही लक्षात राहीना.

घरातील दिवस

१९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात हेन्री यांच्या घरातील दिनक्रमाचे मोजके वर्णन आहे. कुटुंब त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरात राहायला गेले होते. दहा महिने उलटले तरी हेन्री यांना नवा पत्ता पाठ झाला नव्हता. जुना मात्र बिनचूक आठवत होता. गवत कापण्याचे यंत्र कोठे ठेवले आहे हे आईला दर वेळी सांगावे लागे, मग ते आदल्या दिवशीच वापरलेले का असेना. तीच तुकडे जोडण्याची कोडी ते रोज सोडवीत, तीच मासिके पुनःपुन्हा वाचीत आणि त्यांतला मजकूर प्रत्येक वेळी नवा असे. दुपारचे जेवण होऊन अर्धा तास झाला की, काय खाल्ले यातला एकही पदार्थ सांगता येत नसे.

विस्मरण ही दुःखातून सुटका आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. हेन्री यांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांचे एक आवडते मामा निवर्तले. ती बातमी ऐकून त्यांना शोक झाला आणि थोड्याच वेळात ते विसरून गेले. पुढे जेव्हा जेव्हा ते मामांची चौकशी करीत आणि त्यांना खरे सांगितले जाई, तेव्हा तेव्हा तो शोक पहिल्यासारखाच नवा होई. १९६६ मध्ये वडील गेले. कालांतराने आई वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेल्या. वडील वारले आहेत आणि आई शुश्रूषागृहात असून ठीक आहे, एवढ्या दोन गोष्टी लिहिलेली चिठ्ठी हेन्री जवळ बाळगीत. जी नोंद मनात टिकत नव्हती, ती त्यांनी कागदावर टिपून ठेवली होती.

आणखी एक निरीक्षण मोठे बोलके आहे. एका संध्याकाळी हेन्री यांचे जेवण संपल्यावर मिनिटभरात त्यांच्यापुढे तसेच दुसरे ताट ठेवण्यात आले. त्यांनी नेहमीच्या गतीने तेही जवळजवळ संपविले. भूक आहे की पोट भरले आहे, याचा अंदाजही त्यांना नीट देता येत नसे. वृद्ध सासूबाई जेवून हात धुतात आणि दहा मिनिटांनी शेजारणीला सांगतात की, सकाळपासून कोणी जेवायला विचारले नाही, तेव्हा घरातील सुनेवर केवढा अन्याय होतो हे अनेक कुटुंबांनी अनुभवले असेल. त्या सासूबाई खोटे बोलत नसतात, कागाळीही करीत नसतात. जेवण झाल्याची नोंदच त्यांच्यापाशी नसते.

जे उरले होते

हेन्री यांच्या कहाणीचे खरे महत्त्व मात्र हरवलेल्या गोष्टींपेक्षा उरलेल्या गोष्टींत आहे. एकदा मिल्नर यांनी त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवण्यास सांगितले. पंधरा मिनिटांनी त्यांनी तो बरोबर सांगितला. कसा, हे विचारल्यावर त्यांनी हिशेबच मांडला. ५, ८ आणि ४ यांची बेरीज १७. त्यांतील ८ लक्षात ठेवायचे. १७ मधून ते वजा केले की ९ उरतात. ९ चे दोन भाग पाडले की ५ आणि ४. झाले ५८४. हेन्री हा हिशेब मनात अखंड घोळवीत बसले होते, म्हणून तो टिकला. त्यानंतर लक्ष क्षणभर दुसरीकडे वळले आणि आकडाही गेला, हिशेबही गेला; आपल्याला काही आकडा सांगितला होता, हेसुद्धा गेले. क्षणापुरते धरून ठेवणे आणि कायमचे साठवणे ही मेंदूची दोन निरनिराळी कामे आहेत, हे यातून दिसून आले.

दुसरा प्रयोग त्याहून विलक्षण ठरला. कागदावर दुहेरी रेषांची एक चांदणी काढलेली. हात आणि कागद प्रत्यक्ष दिसू द्यायचा नाही. फक्त आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. कोणीही प्रथम चुकतो, कारण आरशात दिशा उलटते. हेन्री यांना ही चांदणी ओळीने तीन दिवस अनेक वेळा काढायला लावली. चुका सतत कमी होत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालू लागला. पण दर दिवशी विचारले की, आपण असे काही पूर्वी केले आहे याची त्यांना आठवण नसे. हे वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले, असे स्वतःचे स्वतःलाच नवल करीत ते म्हणाले. हात शिकला होता. आपण शिकलो हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

तोपर्यंत स्मृती ही एकच एक शक्ती असून ती साऱ्या मेंदूत विखुरलेली आहे, असे मत प्रचलित होते. हेन्री यांनी ते बदलून टाकले. घटना, नावे, तारखा यांची स्मृती वेगळी. सायकल चालविणे, टंकलेखन करणे, पोळी लाटणे ही हाताच्या सरावाची स्मृती वेगळी. पहिलीला टेम्पोरल लोबचा आतील भाग लागतो, दुसरी मेंदूच्या अन्य भागांत वसते. म्हणूनच उतारवयात आधारासाठी चालण्याची चौकट वापरणे हेन्री शिकू शकले. शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात अनेक वर्षे वास्तव्य केले, त्याचा नकाशाही त्यांनी बराचसा बरोबर काढून दाखविला. डॉ. सुझान कॉर्किन यांनी चार दशकांहून अधिक काळ त्यांचा अभ्यास केला. प्रत्येक भेट हेन्री यांच्या लेखी पहिलीच. तरीही ही बाई ओळखीची असावी, बहुधा शाळेतली, असे त्यांना वाटत असे.

असाच, किंबहुना याहून तीव्र आघात इंग्लंडमधील संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांच्यावर झाला. मार्च १९८५ मध्ये एका विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा नाश झाला. काही सेकंदांपलीकडचे त्यांना आठवेनासे झाले. परंतु पियानोपुढे बसविले की बोटे न अडखळता चालत. पत्नी डेबोरा खोलीबाहेर जाऊन परत आल्या, तर वर्षानुवर्षांच्या वियोगानंतर भेट होत असल्याप्रमाणे ते त्यांना आनंदाने मिठी मारीत. नुकतीच झालेली भेट त्यांना आठवत नसे, पण ही आपली माणूस आहे हे ते कधीच विसरले नाहीत.

एकाच खंडाची अनेक कामे

टेम्पोरल लोबचे काम स्मृतीपुरते नाही. बहुतेक माणसांत भाषेचे आकलन डाव्या बाजूच्या मागील भागावर अवलंबून असते. जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली दाखवून दिले की, तेथे इजा झालेला माणूस अस्खलित बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. असा रुग्ण वेडा झाला, असे घरच्यांना वाटते. वस्तुतः तो पक्षाघाताचा झटका असू शकतो आणि त्यात मिनिटामिनिटाला किंमत असते. उजव्या बाजूच्या इजेमुळे ओळखीचे चेहरे अनोळखी वाटू शकतात किंवा सूरतालाची जाण हरपू शकते. अमिग्डालाला धक्का पोहोचला, तर भीती आणि रोष यांचे नेहमीचे प्रमाण बिघडते.

याच खंडातून उगम पावणारा अपस्मार ओळखणे अवघड असते, कारण त्यात नेहमीच जमिनीवर पडून हातपाय झाडणे नसते. माणूस अचानक एकटक पाहू लागतो, ओठ चाटतो, चघळल्यासारखे तोंड हलवितो, कपड्याशी चाळा करतो आणि एकदोन मिनिटांत भानावर येतो. त्याआधी काहींना पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, नसलेला वास येतो किंवा हा प्रसंग पूर्वी घडून गेला आहे असा भास होतो. घरात याला बाहेरची बाधा समजून उपाय केले जातात आणि वर्षे वाया जातात. मोठा झटका आला तर कांदा अथवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. माणसाला कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि झटका पाच मिनिटांहून लांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सुरू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

सोयरीक ठरविताना हा आजार लपविला जातो, ही आपल्या समाजातील दुखरी बाब आहे. जैन समाजालाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीला अपस्मार हाही विवाहातील अडथळा म्हणून नोंदविला होता. १९९९ च्या दुरुस्तीने त्यातून ‘अपस्मार’ हा शब्द वगळण्यात आला. कायद्याने जे मान्य केले ते घरांनी मान्य करण्यास अद्याप वेळ लागत आहे. लपविलेल्या आजारात सर्वांत मोठा धोका गोळ्या लपविण्याचा आणि म्हणून त्या चुकण्याचा असतो. विवाहापूर्वी मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट दोन्ही घरांना पेलते.

घरातील ज्येष्ठ

हेन्री यांच्यासारखी शस्त्रक्रिया आज कोणावर होत नाही. पण त्यांच्या मेंदूचा जो भाग काढला गेला, त्याच परिसरात अल्झायमरच्या आजाराची झीज सहसा प्रथम सुरू होते. म्हणूनच या आजारात आजची सकाळ आधी जाते आणि चाळीस वर्षांपूर्वीचा भाव तोंडपाठ राहतो. पेढीवर आयुष्य घालविलेले आजोबा १९७० सालच्या खरेदीचा दर बिनचूक सांगतात, तेव्हा मुलांना वाटते की त्यांना सारे आठवते आणि सोयीचे तेवढेच ते विसरतात. हा समज चुकीचा आहे. जुनी खतावणी आणि नवी नोंद यांचे मार्ग निराळे आहेत. एक चालू आहे म्हणून दुसरा चालू असेलच, असे नाही.

प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते, हेही तितकेच खरे. थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम आणि ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही स्मृती मंदावते आणि यांवर उपचार आहेत. शाकाहारी कुटुंबांत ‘ब १२’ ची कमतरता बरीच आढळते. तिची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. वय झाले की असे व्हायचेच, असे म्हणून ही चाचणी टाळणे योग्य नव्हे. तापाबरोबर अचानक भ्रम, विचित्र वागणे किंवा विस्मरण दिसले, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. वेअरिंग यांच्या आजाराची सुरुवात डोकेदुखीने आणि फ्लूसारख्या लक्षणांनी झाली होती.

उरलेल्या शक्तीवर घर चालविता येते, हा हेन्री यांच्या कहाणीतील व्यवहाराचा भाग. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. रोजचा क्रम तोच ठेवावा, कारण सराव टिकतो. मोठ्या अक्षरात तारीख, वार आणि घरातील माणसे कोठे गेली आहेत हे फळ्यावर लिहून ठेवावे. ‘सकाळीच सांगितले ना’ हे वाक्य टाळावे. त्याने माहिती मिळत नाही, केवळ अपमान होतो. काय घडले ते विसरले, तरी त्या प्रसंगाने निर्माण झालेली खिन्नता किंवा प्रसन्नता पुढे काही काळ रेंगाळते, असे अशा रुग्णांच्या अभ्यासात आढळले आहे. आणि ‘ओळखा पाहू मी कोण?’ अशी परीक्षा पाहुण्यांसमोर घेऊ नये. आपले नाव आपण आधी सांगावे.

सही आणि संमती

व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. सही ही हाताच्या सरावाची गोष्ट. आरशातील चांदणीप्रमाणे ती स्मृतीच्या दुसऱ्या मार्गाने चालते. त्यामुळे काल काय घडले हे न आठवणारी व्यक्ती धनादेशावर पूर्वीसारखीच डौलदार सही करू शकते. बँकेत सही नमुन्याशी ताडून पाहिली जाते आणि ती जुळते. परंतु कशावर सही केली, किती रकमेवर केली, तीच रक्कम दोन दिवसांपूर्वी दिली होती की नाही, हे सहीवरून कळत नाही. जुळणारी सही म्हणजे जाणती संमती नव्हे.

यावर उपाय वेळेत करावा लागतो. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे पुढची चिंता मिटली, अशी अनेकांची समजूत असते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ज्याने अधिकार दिला त्याची मानसिक क्षमता संपली की तो अधिकारही संपतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी साधे मुखत्यारपत्र निरुपयोगी ठरू शकते. मृत्युपत्रही सुस्थितीतील मनानेच करता येते. म्हणून नामनिर्देशन, संयुक्त खाती, भागीदारीतील बदल आणि मृत्युपत्र या गोष्टी वडीलधाऱ्यांचे भान पूर्ण असताना, त्यांना समोर बसवून, त्यांच्याच शब्दांनी ठरवाव्यात. पुढे त्यांच्याकडून कागदावर सही करून घेणे सोपे असते आणि नेमके म्हणूनच ते अनुचित असते.

हा प्रश्न हेन्री यांच्या बाबतीतही उपस्थित झाला. दोन्ही बाजूंचा भाग काढल्याचे परिणाम लक्षात आल्यावर डॉ. स्कोव्हिल यांनी ते दडविले नाहीत. मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांना कळविले, मिल्नर यांना तपासणीची मोकळीक दिली आणि अशी शस्त्रक्रिया कोणी करू नये, असा इशारा जाहीरपणे दिला. त्यामुळे पुढील असंख्य रुग्ण वाचले. आज टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया करायची झाली, तर ती एकाच बाजूस केली जाते आणि दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलू शकेल की नाही, हे आधी कसोशीने तपासले जाते. तथापि, पुढील काळात झालेल्या शेकडो चाचण्यांना हेन्री यांची संमती कितपत खरी होती, असा प्रश्न २०१६ साली ल्यूक डिट्रिच या पत्रकाराने आपल्या ग्रंथात विचारला. हा पत्रकार म्हणजे डॉ. स्कोव्हिल यांचाच नातू. जो माणूस होकार दिल्याचेच विसरतो, त्याच्या होकाराचा रखवालदार कोण, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. पण तो रखवालदार नि:स्वार्थी असला पाहिजे, एवढे निश्चित.

शेवटची नोंद

हेन्री यांची अखेरची वर्षे कनेक्टिकटमधील विंडसर लॉक्स येथील शुश्रूषागृहात गेली. शब्दकोडी हा त्यांचा आवडता विरंगुळा. स्वभाव अखेरपर्यंत सौम्य राहिला. आपल्यावरून डॉक्टरांना जे कळेल त्याचा इतरांना उपयोग होईल, असे ते म्हणत. एकदा म्हटलेले विसरत आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच म्हणत. २ डिसेंबर २००८ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पूर्ण नाव जगाला कळले. वर्षभरानंतर सॅन डिएगो येथे त्यांच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून ते पुढील अभ्यासासाठी जतन करण्यात आले.

परोपकाराची ती इच्छा त्यांना कोणी आठवून देत नव्हते. ती त्यांच्या स्वभावात होती आणि स्वभावाची वही शस्त्रक्रियेने फाडली नव्हती. घरातील आजोबा दुपारी चौथ्यांदा विचारतात, ‘दुकान उघडले का रे?’ त्यांच्या लेखी हा प्रश्न पहिलाच असतो. त्यामागे साठ वर्षांची सवय आणि घराची काळजी असते. विसरलेले असते ते केवळ मघाचे उत्तर. ते चौथ्यांदाही पहिल्याच आवाजात द्यावे : ‘हो बाबा, उघडले. सकाळीच बोहनी झाली.’